दुपारची वीज घरात कशी वापरायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीओडी (वेळेप्रमाणे दर लावणारा) मीटर बसलेल्या आणि बसू घातलेल्या घरांतून, सोसायट्यांतून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळीकडे विजेचा दर युनिटला १० रुपये आणि दुपारची सवलत युनिटला ८० पैसे धरली आहे. वीज नियामक आयोगाच्या आदेशांनुसार दर बदलत राहतात, म्हणून आपल्या ताज्या बिलावरचे आकडे घालून तोच हिशेब पुन्हा करावा. रीत बदलत नाही.

१. टीओडी म्हणजे काय? घरगुती ग्राहकाला त्यातून काय मिळतं?

टीओडी म्हणजे 'टाइम ऑफ डे': वीज किती वापरली यासोबत कधी वापरली हेही मीटर नोंदवतो आणि वेळेप्रमाणे दर लागतो. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. सूर्यप्रकाशाच्या, म्हणजे सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि मोठ्या मागणीच्या तासांत तो जास्त असावा, असं त्यात म्हटलं आहे. १० किलोवॉटवरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ आणि शेती सोडून बाकी सर्वांसाठी १ एप्रिल २०२५ ही तारीख ठरली. प्रत्यक्ष दर राज्याचा आयोग ठरवतो. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटला ८० पैसे, आणि पुढच्या वर्षांत वाढत १ रुपयापर्यंत, अशी सवलत जाहीर झाली. साधा जुना मीटर असेल तर ही सवलत मिळत नाही, कारण त्याला वेळ कळत नाही.

२. रात्रीची वीज स्वस्त असते असंच आजवर ऐकलंय. आता दुपारी वापरा असं का सांगतात?

ऐकलंय ते त्या काळी बरोबर होतं. आपल्याकडे उद्योगांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटला दीड रुपया सूट मिळायची. कोळशावरचे वीजनिर्मिती संच रात्रीही चालवावे लागत आणि त्यांच्या विजेला गिऱ्हाईक नसे, म्हणून ती सूट होती.

आता भर दुपारी सौर विजेचा पूर येतो आणि सूर्य कलला की तासा-दोन तासांत तो ओसरतो. नेमक्या त्याच वेळी दिवे, पंखे, एसी, मिक्सर, टीव्ही एकदम चालू होतात. कोळशाचा संच असा झटपट वर-खाली करता येत नाही. क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत तरी तो खाली आणता आला पाहिजे असा नियम २०२३ मध्ये आला, आणि बऱ्याच जुन्या संचांना तेवढंही जड जातं. म्हणून दुपारी कोळसा पुरेसा खाली येत नाही आणि सौर वीज घ्यायला जागा उरत नाही. राजस्थानात २०२५ मध्ये चालू सौर प्रकल्पांना दुपारी उत्पादन कमी करायला सांगावं लागलं. फुकटच्या उन्हातून तयार होऊ शकणारी वीज तयारच झाली नाही, आणि संध्याकाळी तीच तूट कोळसा जाळून भरली गेली.

संध्याकाळचा चढ महाराष्ट्रात बराचसा कोयना पेलतं. १,९६० मेगावॉटचा हा जलविद्युत प्रकल्प काही मिनिटांत चालू-बंद होतो. पण वीज बनवण्यासाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे. म्हणजे संध्याकाळी टाळलेलं प्रत्येक युनिट हे जवळपास शब्दशः धरणात राहिलेलं पाणी असतं.

३. माझ्या एका घराने असा काय फरक पडणार?

एका घराने नाही पडत, एकाच वेळी वागणाऱ्या घरांनी पडतो. ५ एप्रिल २०२० च्या रात्री ९ वाजता देशभर लोकांनी ९ मिनिटं फक्त दिवे बंद केले. पंखे, फ्रिज चालू होते. तरीही तेवढ्या दिव्यांनीच देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने खाली आली. ग्रिड, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांचं जाळं, सावरण्यासाठी जलविद्युत केंद्रांनी १७,००० मेगावॉटहून अधिक उत्पादन आवरलं आणि लगेच पुन्हा चढवलं. घरांची ताकद किती असते याचा याहून मोठा पुरावा नाही. ती ताकद रोज, सावकाश आणि योग्य वेळी वापरायची, एवढाच इथे प्रश्न आहे.

४. घरातलं नेमकं काय दुपारी नेता येतं?

जे काही साठवून ठेवता येतं ते. टाकीतलं पाणी, गिझरमधली उष्णता, भिंतींतला गारवा, बॅटरीतला भार, धुतलेले कपडे, दळलेलं पीठ. दिवा, पंखा, टीव्ही यांचं काम त्या क्षणाचंच असतं, त्यांच्या मागे लागू नका.

महत्त्वाच्या क्रमाने पाहिलं तर आधी सोसायटीचा पंप (प्रश्न ८), मग गाडीचं चार्जिंग (प्रश्न १२), मग एसी (प्रश्न ९). गिझरचं नाव सगळे पहिलं घेतात, पण त्याचा हिशेब फसवा आहे (प्रश्न ६).

५. कोणतं उपकरण किती वीज खातं हे मीटरवरून कसं ओळखायचं?

मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की १ युनिट. घरातलं सगळं बंद करा, फक्त हवं ते उपकरण चालू ठेवा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर १० लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजा. ३२०० च्या मीटरसाठी ११.२५ ला त्या सेकंदांनी भागलं की किलोवॉट मिळतात. १० लुकलुकींना साडेपाच सेकंद लागले तर भार २ किलोवॉटच्या आसपास: तो गिझर. २२ सेकंद लागले तर अर्धा किलोवॉट. मीटरवर १६०० छापलं असेल तर ११.२५ ऐवजी २२.५ घ्या.

सगळं बंद केल्यावरही दिवा मधूनमधून लुकलुकत असेल तर सेट-टॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टर यांचा तो तळाचा भार आहे. दोन लुकलुकींत ११ सेकंद म्हणजे सुमारे १०० वॉट, महिन्याला ७२ युनिट. हे आकडे पाहून पुष्कळ लोक वेळ बदलायच्या आधी इन्व्हर्टर बदलतात, आणि ते योग्यच आहे.

६. गिझर दुपारी तापवून ठेवला आणि तेच पाणी सकाळच्या आंघोळीला वापरलं तर?

तोटा होईल. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे १ युनिट लागतं. दुपारी तापवलं तर ८० पैसे वाचले. पण टाकीतली उष्णता रात्रभर झिरपत राहते. गिझरवरच्या तारांकित लेबलवर २४ तासांची स्थिर हानी लिहिलेली असते. ती ०.६ युनिट असेल तर संध्याकाळी ५ ते सकाळी ७ या १४ तासांत ०.३५ युनिट, म्हणजे साडेतीन रुपये गेले. ८० पैशांसाठी साडेतीन रुपये.

आंघोळ संध्याकाळी किंवा दुपारी उशिरा असेल तर गोष्ट वेगळी. साडेचारला तापवून सातला वापरलं तर हानी फार तर ६०-६५ पैशांची, म्हणजे पदरात जवळजवळ काही नाही, पण खिशातूनही जात नाही आणि ऐन गर्दीच्या वेळेचे २ किलोवॉट ग्रिडवरून उतरतात.

खरी बचत वेगळीच आहे. चोवीस तास चालू ठेवलेला गिझर रोज ती ०.६ युनिट हवेत सोडतो. टायमर लावून तो आंघोळीआधी अर्धा तास चालू केला की महिन्याला दीडशे रुपयांच्या आसपास वाचतात. थर्मोस्टॅट मात्र ६० अंशांच्या खाली कायमचा ठेवू नका, कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात. आंघोळीचं पाणी मिसळूनच घ्यायचं असतं.

३ लिटरचा इन्स्टंट गिझर (३ किलोवॉट) साठवत नाही, त्यामुळे त्याची वेळ हलवता येत नाही. सकाळी चार घरांत तो एकदम लागला की जिन्यातले दिवे मंद होतात, ते त्यामुळे.

७. गिझरला टायमर कोणता लावायचा?

२ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो, ३ किलोवॉटचा १३. म्हणून टायमर किंवा स्मार्ट प्लग १६ अँपिअरचाच हवा, आणि तोही मोठ्या तीन पिनांच्या सॉकेटवर. बाजारात मिळणारा ६ किंवा १० अँपिअरचा प्लग काही दिवस चालतो, मग पिनांपाशी तपकिरी होतो, शेवटी वितळतो. पहिल्या आठवड्यात गिझर अर्धा तास चालल्यावर स्विच बंद करून प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर सॉकेटची पकड सैल आहे. आधी सॉकेट बदला.

फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. पाऊण तास वीज गेली तर तुमचा ४:३० आता सव्वापाचला येतो, म्हणजे सवलतीच्या बाहेर. बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

८. सोसायटीचा पंप दुपारी चालवायचा तर काय करावं लागेल? किती वाचेल?

आधी किती वाचेल ते पाहू. माणशी १३५ लिटर धरलं आणि ६० सदनिकांत प्रत्येकी ४ माणसं असली तर रोज सुमारे ३२,००० लिटर पाणी वर जातं. ३० मीटर उंची आणि पंप-मोटर-पाइप मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली तर साडेसहा युनिट लागतात. सगळं सवलतीच्या वेळेत नेलं तर महिन्याला दीडशे-एकशे साठ रुपये. २०० सदनिका आणि ६० मीटर उंचीच्या इमारतीत रोज ४४ युनिट, महिन्याला हजार रुपयांवर.

हाच हिशेब पंपाची तब्येतही सांगतो. प्रश्न ५ मधल्या रीतीने पंपाचा भार मोजा, रोजच्या तासांनी गुणा. ६० सदनिकांच्या सोसायटीत १३ युनिट निघाले तर इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजला आहे, फूट व्हॉल्व्ह (खालच्या टाकीतल्या पाइपच्या तोंडाची झडप) गळतोय किंवा वरची टाकी भरून वाहतेय. ते दुरुस्त केल्यावर महिन्याला दोन हजार वाचतील. वेळ बदलणं त्यानंतर.

आता जोडणी. टायमर कधीही मोटरच्या तारेत घालू नका. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते, टायमरचे संपर्क चिकटतात आणि पंप बंदच होत नाही. टायमरने फक्त स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची (मोटरचा प्रवाह जोडणाऱ्या स्विचची) कॉइल चालवायची. त्या कॉइलच्या वाटेत वरच्या टाकीचा 'टाकी भरली' फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) आणि खालच्या टाकीचं कोरडं चालण्यापासूनचं संरक्षण हे दोन्ही मालिकेत, अपवाद न करता. टायमरला समांतर वरच्या टाकीच्या ३० टक्के पातळीवर दुसरा फ्लोट बसवायचा. पाणी तिथवर उतरलं की वेळ कोणतीही असो, पंप चालतो. हा दुसरा फ्लोट वाचवायला गेलेल्या सोसायट्यांत सकाळी सातला नळ कोरडे पडतात, आणि त्या दिवसानंतर टायमर कायमचा काढून टाकला जातो.

वेळा दोन ठेवा: साडेनऊनंतर एक भरणी, सव्वाचारनंतर दुसरी. संध्याकाळपासून सकाळी साडेनऊपर्यंत दिवसाच्या निम्म्याहून जास्त पाणी लागतं, कारण आंघोळी सकाळीच होतात. वरची टाकी अर्ध्या दिवसाची असेल तर सकाळी फ्लोट एकदा पंप चालवणारच. चालवू द्या. दोन तृतीयांश पाणी दुपारी वर गेलं तरी काम झालं. अग्निशमनाचा राखीव साठा यात मोजायचा नाही.

पालिकेचं पाणी दिवसाआड किंवा फक्त पहाटे येत असेल तर खालची टाकी दुपारपर्यंत पुरते का ते आठवडाभर पट्टीने मोजा. पुरत नसेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही.

९. एसी संध्याकाळी कमी चालावा म्हणून खोली आधीच थंड करून ठेवता येते का?

येते, पण खोलीवर अवलंबून आहे. गच्चीखालच्या शेवटच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत खाली उष्णता सोडतो. तिथे साडेतीनपासून २४ अंशांवर एसी चालवला तरी सहापर्यंत गारवा निघून जातो. मधल्या मजल्यावर, पूर्वेकडच्या खोलीत, पडदे लावलेले असताना मात्र चार ते पाच २३ अंशांवर आणि पाचनंतर २६ अंशांवर पंख्यासह ठेवलं तर दोन-अडीच तास सुसह्य जातात.

इन्व्हर्टर एसी सुरुवातीला दीड किलोवॉटच्या आसपास घेतो आणि खोली थंड झाल्यावर अर्ध्या किलोवॉटवर उतरतो. संध्याकाळी ७ वाजता तापलेल्या खोलीत तो पहिल्यांदा लावणं ग्रिडला सर्वांत महाग पडतं. कामावरून घरी यायच्या आधी रिकामं घर थंड करत बसणं मात्र शुद्ध उधळपट्टी आहे. घरात दुपारी कोणी असेल तरच ही युक्ती.

१०. वॉशिंग मशीन, घरघंटी, इस्त्री, डिशवॉशर?

थंड पाण्याचं धुणं ०.१ ते ०.२ युनिट खातं. दुपारी लावल्याने १०-१५ पैसे वाचतात, त्यासाठी कोणी धावपळ करू नये. ६० अंशांचं गरम धुणं आणि डिशवॉशर साधारण युनिटभर घेतात. त्यांचं 'डिले' बटण वापरा. डिशवॉशर दुपारच्या जेवणाची भांडी घालून लावला तर वासही राहत नाही. घरघंटी १ अश्वशक्तीची, तासाला पाऊण-एक युनिट. तिचा आवाज दुपारीच शेजाऱ्यांना चालतो, त्यामुळे ती आपोआप योग्य वेळी चालते. इस्त्री रविवारी दुपारी.

११. इन्व्हर्टरची बॅटरी दुपारी भरून संध्याकाळी तिच्यावर घर चालवलं तर?

नको. १५० अँपिअर-तास, १२ व्होल्टच्या ट्युब्युलर बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात. भरताना आणि काढताना मिळून तिसरा हिस्सा उष्णतेत जातो, म्हणजे १ युनिट मिळवायला दीड युनिट भरावं लागतं. दीड युनिटचे ९ रुपये २० पैशांनी १३ रुपये ८० पैसे, आणि संध्याकाळी वाचले १० रुपये. शिवाय रोजच्या वापराने बॅटरी लवकर मरते: पंधरा हजारांच्या बॅटरीने हजार वेळा युनिटभर दिलं तर युनिटमागे १५ रुपये नुसती झीज.

ही बॅटरी वीज गेल्यावर वापरायची आहे. लिथियम बॅटरीत हानी बरीच कमी असते, पण ८० पैशांच्या फरकात तिचीही किंमत वसूल होत नाही.

१२. ई-स्कूटर आणि गाडी कधी चार्ज करावी?

स्कूटरला एका भरणीत २ ते ४ युनिट लागतात, गाडीला आठवड्याला ३० ते ४०. घरात हलवता येण्याजोगा याहून मोठा भार नाही. अडचण एकच: दुपारी गाडी घरी नसते. म्हणून कार्यालयाच्या पार्किंगमध्ये १५ अँपिअरचं सॉकेट मिळालं तर ते सोन्यासारखं. घरच्या घरी शनिवार-रविवारी दुपारी मोठी भरणी करा, आठवड्यात थोडीथोडी.

रात्री चार्ज करायचीच तर सातला घरी पोचताच प्लग लावू नका. गाडीतच वेळ ठरवायची सोय असते, ती रात्री १२ नंतरची ठेवा. सवलत मिळणार नाही, पण गर्दी टळेल आणि उन्हातून आलेली बॅटरी निवालेली असेल. एक्स्टेंशन बोर्डावर कधीही चार्जिंग नको. ३.३ किलोवॉटचा चार्जर तासन्‌तास १४-१५ अँपिअर ओढतो, त्याला वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तार आणि स्वतःचा एमसीबी-आरसीसीबी (जादा प्रवाह किंवा गळती झाली की वीज तोडणारे स्विच) हवा.

१३. छतावर सोलर आहे. मग मी वेळ का बदलू?

नेट मीटरिंगमध्ये दुपारी दिलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा होते, म्हणून पैशात फरक कमी दिसतो. टीओडी मीटर आल्यावर वजावट वेळेच्या गटाप्रमाणे होते की एकत्र, हे बिलातल्या 'आयात', 'निर्यात' रकान्यांवरून तपासा. गटाप्रमाणे होत असेल तर दुपारचं युनिट दुपारीच वापरणं फायद्याचं.

पैशापलीकडचं कारण प्रश्न १४ मध्ये आहे. नवीन सोलर घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरलं. गरजेपेक्षा मोठा संच बसवण्याआधी दुपारचा वापर मोजा.

१४. भर उन्हात सोलर इन्व्हर्टर बंद पडतो, 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' दाखवतो. बिघाड आहे का?

बहुतेक वेळा इन्व्हर्टर ठीक असतो. गल्लीतल्या आठ-दहा छपरांवरून एकाच वेळी वीज रोहित्राकडे (ट्रान्सफॉर्मरकडे) ढकलली जाते आणि वाटेतल्या तारेत विजेचा दाब (व्होल्टेज) वाढतो. ओळीच्या टोकाच्या घरात तो सर्वांत जास्त. मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो, काही मिनिटांनी पुन्हा जोडतो, पुन्हा तुटतो.

आधी इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची तार पुरेशी जाड आहे का आणि जोड घट्ट आहेत का ते तपासून घ्या. मग ११ ते ३ या वेळेत पंप, चार्जर, धुणं लावून पाहा. २ किलोवॉट घरातच मुरले की दाब काही व्होल्टने उतरतो. तरी राहिलं तर आठवडाभराची व्होल्टेजची नोंद अ‍ॅपमधून काढून वितरण कंपनीकडे लेखी तक्रार करा. रोहित्राचा टॅप बदलून किंवा भार दुसऱ्या फेजवर टाकून हे सुटतं. इन्स्टॉलरला सांगून मर्यादेचं सेटिंग वाढवून घेणं मात्र चुकीचं आहे. तो जादा दाब मग तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या फ्रिजवर पडतो.

१५. दोन महिने सगळं दुपारी केलं, बिल जवळपास तेवढंच. कुठे चुकलं?

तीन जागा पाहा. बिलावर टीओडीचा वेगळा तक्ता आहे का? नसेल तर मीटर बदलला तरी बिलिंगमध्ये तो टीओडी म्हणून चढलेला नाही. मीटर क्रमांक देऊन तक्रार करा. दुसरं, ९ ते ५ च्या रकान्यातले युनिट खरंच वाढले का? मीटरचं घड्याळ पुढे-मागे असू शकतं, म्हणून मीटरच्या पडद्यावर वेळ येईल तेव्हा मोबाइलशी जुळवा. तिसरं, आणि सर्वांत नेहमीचं: वेळ बदलल्याने युनिट कमी होत नाहीत, त्यामुळे टप्पा बदलत नाही. महाराष्ट्रात १०० आणि ३०० युनिटांच्या पुढे दर जोरात चढतो. ३१० युनिटांवरून २९० वर आलेलं घर कधीकधी वेळ बदलणाऱ्या घरापेक्षा जास्त वाचवतं.

१६. सगळ्यांनी टायमर ठीक ९ वाजता लावले तर?

मग नवी गर्दी तयार होते. ६० सदनिकांतले २ किलोवॉटचे गिझर एका ठोक्याला चालू झाले की १२० किलोवॉट, आणि बाहेरचं रोहित्र २०० केव्हीएचं असेल तर बाकीच्या भारासह ते काठावर. म्हणून वेळ ९:१७, १०:४२ अशी विषम ठेवा. सोसायटीत मजल्यानुसार पंधरा-पंधरा मिनिटांचं अंतर ठरवलं तर फारच चांगलं.

१७. दुपारी सगळं एकत्र लावल्यावर मंजूर भार (जोडणी घेताना ठरलेले किलोवॉट) ओलांडला तर दंड होतो का?

स्मार्ट मीटर कमाल मागणी नोंदवतो, त्यामुळे ही भीती रास्त आहे. २०२३ च्या दुरुस्तीनुसार मीटर बसण्याआधीच्या काळासाठी या नोंदीवरून दंड लावता येत नाही. आणि मंजूर भार वाढवायचा तर आर्थिक वर्षात किमान तीनदा तो ओलांडलेला असावा लागतो. तरी गिझर, पंप आणि चार्जर एकामागून एक लावा, एकदम नको.

१८. सासूबाई म्हणतात संध्याकाळचा स्वयंपाक दुपारीच करून ठेव. करावा का?

नाही. इंडक्शनवर चौघांच्या जेवणाला एक-दीड युनिट लागतं. वाचणार रुपया-सव्वा रुपया. त्यासाठी घरातल्या बाईने दुपारची विश्रांती सोडायची आणि सगळ्यांनी पुन्हा गरम केलेलं जेवायचं, हा सौदा कोणाच्याच हिताचा नाही. ज्या बदलासाठी रोज कोणीतरी लक्षात ठेवून उठावं लागतं तो टिकत नाही, आणि ते 'कोणीतरी' बहुतेक घरांत एकच असतं. यंत्राला वेळ लावून द्या, माणसाला नको.

१९. काय अजिबात हलवू नये?

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, नेब्युलायझर, इन्सुलिन ठेवलेला फ्रिज. कोणताही फ्रिज टायमरवर लावू नका: आतलं तापमान ५ अंशांच्या वर गेलं की दूध आणि शिजवलेलं अन्न खराब होऊ लागतं. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांचा आणि तान्ह्या बाळांचा पंखा, कूलर, एसी यांना वेळापत्रक नसतं.

२०. पावसाळ्यात ऊनच नसतं, मग दुपारचा आग्रह कशाला?

सवलत घड्याळाला आहे, आकाशाला नाही, ती मिळतेच. ग्रिडचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर सातारा, सांगली, धुळ्याच्या पवनचक्क्या जोरात असतात आणि वारा रात्रीही वाहतो, त्यामुळे त्या महिन्यांत मध्यरात्रीनंतरचं चार्जिंगही चांगलं.

२१. वितरण कंपनी बाहेरून माझा गिझर किंवा एसी बंद करू शकते का?

मीटरमधून एकेक उपकरण बंद करता येत नाही. मीटरला फक्त एकूण वापर दिसतो.

२२. आम्ही परदेशात राहतो. तिथे हेच लागू पडतं का?

तत्त्व तेच, फरक मात्र मोठा. ऑस्ट्रेलियात तीनातल्या एका घरावर सोलर आहे आणि दुपारी घाऊक बाजारातले दर शून्याखालीही जातात. तिथली टाकी ३०० लिटरच्या आसपासची, जाड आवरणाची असते. त्यामुळे प्रश्न ६ चं उत्तर तिथे उलटं येतं आणि पाणी दुपारी तापवणंच फायद्याचं. फ्रान्समध्ये घरातले बॉयलर अनेक दशकं रात्रीच्या स्वस्त तासांत तापत आले. नोव्हेंबर २०२५ पासून ते स्वस्त तास टप्प्याटप्प्याने दुपारकडे सरकवले जात आहेत. मीटरमधून आपोआप चालणारा बॉयलर असेल तर वेळ बदलल्याचं पत्र नीट वाचा, स्वतंत्र टायमर लावलेला असेल तर तो हाताने बदलावा लागेल.

२३. टायमर लावला आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली तर?

स्मार्ट प्लगच्या सेटिंगमध्ये 'वीज आल्यावर काय' असा पर्याय असतो. गिझर आणि पंपासाठी तो 'बंद' ठेवा. 'चालू' असेल तर वीज येताच साऱ्या परिसरातले गिझर, एसी, पंप एकदम ओढ घेतात आणि फीडर (परिसराला वीज देणारी वाहिनी) पुन्हा पडतो; सब-स्टेशनवरचा कर्मचारी दोन-तीनदा प्रयत्न करताना दिसतो तो याचमुळे. वीज आल्यावर दहा मिनिटं थांबून एकेक उपकरण लावा. एसीच्या कॉम्प्रेसरला किमान तीन मिनिटं द्या. पंपाची हुकलेली भरणी प्रश्न ८ मधला ३० टक्क्यांचा फ्लोट सांभाळून घेतो, आणि चकतीचा टायमर असेल तर त्याची वेळ त्याच संध्याकाळी जुळवून ठेवा.